श्रीमंतआप्पाचं इंजिन कुणाकडं दिलं

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. यात माझी एक चूक हाय आणि ती लिहायची वेळ आली की हात थांबतो. एरवी माझा हात थांबत नाही, होस्टेलातल्या पोरी म्हणतात प्रिया टाइप करून राहिली की मोबाईल गरम होतो. पण नाही लिहिलं तर काम होणार नाही, म्हणून आता एका दमात लिहिते आणि परत वाचत नाही. वाचलं की पुसीन.

नरसिंगमामा माझ्या आईचा मोठा भाऊ. चाकूरच्या बाहेर त्याचं पत्र्याचं शेड हाय. बोर्ड नाही. समोर सात-आठ मेलेले ट्रॅक्टर उभे, कुणाला चाक नाही, कुणाला बॉनेट नाही, एकाच्या सीटवर कायम कोंबडी बसलेली. लोक भंगारात घालतात ते मामा विकत घेतो, खोलतो, आणि तीन मेलेल्यांतून एक चालता करतो. एकाचा गिअरबॉक्स, दुसऱ्याची हायड्रॉलिक, तिसऱ्याचा डिझेल पंप. ज्याला नवा ट्रॅक्टर झेपत नाही तो मामाकडं येतो. चाकूर, अहमदपूर, उदगीर, पार देगलूरपर्यंत मामानं उठवलेले ट्रॅक्टर रानात फिरतात.

आता मामाची पद्धत सांगते, कारण सगळं त्याच्यावरच हाय. काढलेल्या पार्टवर मामा नंबर टाकत नव्हता. वही पण नाही, कधीच नाही. त्याच्या डोक्यात प्रत्येक पार्टचं माहेर असायचं. माहेर म्हणजे ज्या घरच्या ट्रॅक्टरातून तो निघाला ते घर. पार्ट बसवून दिला की गिऱ्हाइकाला सांगायचा, तुझा पंप अमक्या गावच्या अमक्याचा हाय, आणि पहिली रास झाली की त्यातलं शेरभर धान्य त्याच्या घरी नेऊन दे. एवढीच अट. पैशात घासाघीस करायचा, या अटीत नाही.

लोक हसायचे. नळेगावकडचे रामकिशन म्हणून एकजण होते, त्यांचं आणि मामाचं बोलणं मी लहानपणी पायरीवर बसून ऐकलेलं हाय.

"नरसिंग, आता लोखंडाला बी साडीचोळी करावं म्हणतो का?"

"साडी नको. ग्रीस लावा येळच्या येळी."

"आन माहेरवाल्यानं म्हणलं, आमची लेक परत द्या, तर?"

"तर द्या. सासरला नीट नांदवली असती तर त्यांनी मागितलीच नसती."

हसत गेले, पण धान्य घेऊन पण गेले. सगळेच जायचे. ज्याच्या घरचा माणूस गेला, मग ट्रॅक्टर विकला, त्या घरी दोन वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस शेरभर ज्वारी घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, तुमच्या ट्रॅक्टरचा पंप माझ्याकडं हाय, चांगला चालून राहिला. बाया रडायच्या म्हणे. मी एकदा मामाला म्हणलं, मामा, मी मोबाईलमध्ये सगळी यादी करून देते, एक रविवार लागंल. मामा म्हणाला, "लिहून ठेवलं की माणसाकडं बघायचं राहून जातं. माझ्या ध्यानात पार्ट न्हाई राहत गं, माणसं राहतात. माणसाच्या मागं पार्ट येतो."

मी पण सोडून दिलं. एक रविवार.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले तर मामानं एक इंजिन खोललेलं. बोल्ट पोत्यावर ओळीनं मांडलेले, त्याच्या सवयीप्रमाणं, जसे निघाले तसे. आणि मामा नुसता उभा. मी म्हणलं चहा घे. तर मला विचारतो, "प्रिया, हे कुणाचं?"

मला काय माहीत. मामाला कुणी विचारायचं असतं, मामा कुणाला विचारत नाही. मामी आत भाकरी थापून राहिली होती, तिचा हात थांबला तो मला इथून दिसला. पंचफुलामामीची भाकरी कधी करपत नाही, त्या दिवशी करपली.

लातूरला डॉक्टरला दाखवलं. स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार हाय, हळूहळू वाढत जाईल, गोळ्यांनी वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. मामा एकसष्टचा. बाहेर आल्यावर म्हणाला, "स्कॅन करणाऱ्या पोराला सांगायला पायजे होतं, आधी ऑइल बघ म्हणून." मामी हसली नाही, मी हसले, आणि मग रसवंतीत बसून रडले.

हाताचं मात्र काही गेलं नाही. आज पण पाना दिला की बरोबर खोलतो, बरोबर जोडतो. फक्त कुणाचं ते जातं. आणि एका ओळीत जात नाही, म्हणून जास्त वाईट. सकाळी असतं, दुपारी नसतं. वीस वर्षांपूर्वीचं असतं, मागच्या महिन्याचं नसतं.

अशात या फेब्रुवारीत सरजाबाई आल्या.

सरजाबाई म्हणजे श्रीमंतआप्पाच्या घरच्या. आमच्याच गावच्या, चाकूरच्या, पासष्टच्या असतील, मी आजी म्हणते. आप्पांकडं ट्रॅक्टर म्हणजे लाल मॅसी होती आणि मामा चाळीस वर्षं तीच सांभाळायचा. मामा पोरगा होता आणि नुसता पाने धुवायचा तेव्हा गावात कुणी त्याला ट्रॅक्टरला हात लावू देत नव्हतं, का देत नव्हतं ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आप्पांनी पहिल्यांदा त्याला स्वतःच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, चालू कर, बघू काय म्हणतंय ते. मामा हे अजून विसरला नाही. साडेतीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. पोरं पुण्याला, त्यांनी शेत बटईनं लावलं आणि मॅसी मामाला दिली. मामानं ती वर्षभर तशीच उभी ठेवली, एक नट काढला नाही, घरच्यांचं मन फिरलं तर म्हणून. कुणी आलं नाही. मग खोलली. बाकीचं इकडंतिकडं गेलं, इंजिन आख्खं एकाला दिलं.

सरजाआजी शेडात आल्या, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नरसिंग, आमचं इंजिन कुणाकडं दिलं रे?"

"का आक्का?"

"एकदा ऐकायचंय."

मामानं हातातला पाना खाली ठेवला. आजींना अवघडल्यासारखं झालं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलायला लागल्या. "आवाज बांधावर आला की मी तवा ठेवायची. दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगायची. चाळीस वर्षं. घरात फोटो हाय त्यांचा, मोठा करून लावलाय पोरांनी. फोटोला काय आवाज असतो का? आता ह्या कानानं बी कमी येऊन राहिलं. म्हणलं एकदा ऐकावं, मग गेलं तर जाऊ दे."

मी तिथंच होते. मामीनं माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघींना वाटलं आता मामा म्हणणार, आठवत नाही. पण मामानं डोळे मिटले, कपाळ चोळलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "देगलूर. देगलूरच्या बजरंगला दिलं. निळा रंग मारलाय त्यानं." मामीनं हात जोडले कुणाला तरी. डॉक्टर म्हणाले होते गेलेलं येत नाही, आणि आलं होतं. मामा इतका खूश झाला की म्हणाला परवाच जाऊ, मी स्वतः नेतो आक्काला.

तर आम्ही तिघं एसटीनं निघालो. चाकूरवरून उदगीर, उदगीरला गाडी बदलली. रानात हरभरा काढणी चालू. मामा खिडकीला, रस्त्यात दिसंल त्या ट्रॅक्टरला नावं ठेवत, याचा पंप मार खातोय, याचा लाइनर गेलाय. आजींनी भाकरी, पिठलं, कांदा बांधून आणलेला, मला बळंच खायला लावलं. मी विचारलं, आजी, सगळ्या मॅसीचा आवाज सारखाच असतो ना, कसं ओळखणार?

त्या म्हणाल्या, "चालताना मला बी न्हाई कळायचं. बंद करताना कळायचं. त्यांनी दांडा वढला की इंजिन गप व्हायचं, आन मग एक ठोका यायचा. धप्प. सगळं शांत झाल्यावर, एकच. तो आला की मी पाण्याचा तांब्या घेऊन भाईर यायची."

मामा पुढच्या सीटवरनं मान वळवून म्हणाला, "हाव. मी किती डाव नीट करतो म्हणलं, आप्पा म्हणायचे, राहू दे, घरात कळतंय त्यानं."

बजरंगदादांचं शेत देगलूरच्या बाहेर. त्यांच्या घरात तेलुगू, मराठी सगळं मिसळून. त्यांच्या आईनं "कूर्चोंडी अम्मा" म्हणत आजींना खाट पुढं केली आणि पाणी दिलं. बजरंगदादा म्हणाले, "आवो नरसिंगदादा, तुम्ही फोन केला असता तर मीच आणला असता चाकूरला."

"फोनवर काय ऐकायचं," मामा म्हणाला.

निळा ट्रॅक्टर लिंबाखाली होता. मामा गेला, इंजिनावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच. मग आजींकडं बघून मान हलवली. हेच. बजरंगदादांनी चालू केलं. आजी खाटेवरनं उठल्या, डोक्यावरचा पदर कानामागं सारला आणि जवळ जाऊन उभ्या राहिल्या. चांगली दहा मिनिटं चालू ठेवला असेल. नंतर मामानं हातानं खूण केली, बंद कर.

दांडा ओढला. इंजिन मंद झालं, अजून मंद झालं, आणि थांबलं. काही आलं नाही. लिंबावर होले घुमत होते तेवढंच. मी मनात दहा मोजले. ठोका आला नाही.

मामा आजींकडं बघून राहिला होता. मी निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्याकडं बघायचे तसा. एवढा मोठा माणूस, हाताला ग्रीस, आणि तसा उभा.

आजी म्हणाल्या, "हाव. हेच हाय."

मामा खाली बसला, जमिनीवरच. बजरंगदादा आत गेले आणि शेरभर तूर घेऊन आले. म्हणाले, माहेरचं देणं राहिलं होतं, दोन वर्षं झाली, दादांनी तेव्हा सांगितलेलं नाव-गाव ध्यानात राहिलं नाही म्हणून येणं झालं नाही. आजींनी पदर पुढं केला. तूर घेतली आणि गाठोडं बांधलं.

येताना मामा बसमध्ये कंडक्टरला पण सांगत होता, मी शोधून दिलं, साडेतीन वर्षांनी. पुढं बसून झोपी गेला, तोंड उघडं टाकून. मी आजींना हळूच म्हणलं, ठोका नाही आला ना.

"न्हाई."

"मग हाव कशाला म्हणलात?"

आजींनी तुरीचं गाठोडं मांडीवर नीट केलं. "तू त्याचं तोंड बघितलं न्हाईस का पोरी?"

चाकूरला उतरल्यावर त्यांनी ते गाठोडं मामीच्या हातात दिलं, मामा ऐकणार नाही अशा बेतानं. "पंचफुला, ही तूर माझी न्हाई. कुणा दुसऱ्या बाईची हाय. नरसिंगला कधी आठवली ती, तर तिला दे. मला शिजवायला नको."

ते गाठोडं अजून मामीच्या फळीवर हाय. बाजूला हळदीचा डबा.

आता माझं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझा कॉस्टिंगचा पेपर होता, अकराला. दहा पन्नासला मी हॉलच्या दारात, बॅग बाहेर ठेवून राहिलेली, आणि मामाचा फोन. सायलेंट करणार होते पण मामा कधी सकाळचा फोन करत नाही म्हणून उचलला.

"प्रिया, ते देगलूरचं न्हाई."

"काय मामा?"

"इंजिन. बजरंगला मी दुसऱ्याचं दिलेलं. बंद करताना ठोका कुठं आला? चाळीस वर्षं मी ऐकलाय तो. सरजाआक्का माझ्यासाठी हाव म्हणली गं, आन मी येडा, खूश होऊन बसमधी झोपलो." आवाज अगदी जुना, पूर्वीचा मामा. "आत्ता न्हाणीत पाणी घेता घेता ध्यानात आलं. खरं कुणाला दिलं ते बी आलंय, माणूस डोळ्यापुढं हाय माझ्या. तुझी मामी बाजारला गेली. सांगू का तुला?"

आतून सर ओरडले, दार लावून राहिलोय. बेल झाली. आणि मी म्हणलं, "मामा, आता नको, पेपर हाय. दोनला सुटला की मीच फोन करते. तेवढं नाव ध्यानात ठेव."

ध्यानात ठेव. मी त्याला म्हणलं, ध्यानात ठेव.

तो म्हणाला, "हाव हाव, जा. पेपर मोठा हाय. ठेवतो ध्यानात."

एक नाव होतं. एक गाव. दहा सेकंद लागले असते. फोन माझ्या हातातच होता, मी दिवसाला हजार मेसेज टाइप करते, ते एक नाव टाइप केलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन केला. मामानं उचलला. मी म्हणलं, मामा, कुणाला दिलं होतं ते इंजिन? तो म्हणाला, "कुणाचं इंजिन?"

श्रीमंतआप्पाचं, मी म्हणलं. तो म्हणाला, आप्पाची मॅसी ना, आप्पाच्या दारात असंल की, सकाळीच तर सर्व्हिसिंग करून दिली. मी कॉलेजच्या गेटवर बसले तिथंच. पोरी विचारून राहिल्या, पेपर अवघड गेला का. मी हाव म्हणलं.

त्या रविवारी मी गावी गेले आणि सरजाआजींना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं चिडतील, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ज्वारी निवडून राहिल्या होत्या. सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "पेपर कसा गेला गं?"

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि ज्वारी निवडायला लागले. त्याच मग म्हणाल्या, "डाव्या कानाचं संपलं. उजव्यानं येतंय अजून, वर्षभर तरी येईल. बघू."

मी केलं सगळं जे सुचलं ते. आरसी बुक पोरांनी भंगारात देताना जमा केलं, इंजिनचा नंबर कुणाकडंच नाही. ज्याला इंजिन दिलं त्याचं शेरभर धान्य पण आजींकडं कधी आलं नाही, म्हणजे मामा तेव्हाच त्याला माहेर सांगायचं विसरला असेल. लातूरच्या मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकलं, तिघांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवले. आजींनी तिन्ही उजव्या कानाला लावून ऐकले, शेवटपर्यंत, बंद झाल्यावर सुद्धा धरून राहिल्या. तिन्ही नाही.

आणि परवा मामीचा फोन. ती म्हणाली, तुला सांगणार नव्हते पण आता रोजचंच झालंय. दुपारी दोन वाजले की तुझा मामा शेडातनं येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, प्रियाचा पेपर सुटला का? मी म्हणते सुटला, पोरगी पास पण होईल. मग म्हणतो, फोन यायचाय तिचा, लाइन मोकळी ठेव. कशाचा फोन विचारलं तर म्हणतो ते न्हाई ठाऊक, पण काहीतरी सांगायचंय तिला.

म्हणजे नाव गेलं, आणि मला सांगायचंय एवढं राहिलं. मी दोनला रोज फोन करते आता. तो म्हणतो, हाव प्रिया, सुटला का, आणि मग आम्ही दोघं फोन तसाच कानाला धरून बसतो.

म्हणून हे लिहिलंय. लातूर नाहीतर नांदेड जिल्ह्यात तुमच्या घरी, तुमच्या मामाकडं, काकाकडं जुनी मॅसी असेल आणि तिच्यात मागच्या अडीच वर्षांत चाकूरच्या नरसिंगनं इंजिन बसवून दिलं असेल, तर एकदा बंद करताना नीट ऐका. सगळं शांत झाल्यावर एक ठोका येतो का बघा. येत असेल तर ट्रॅक्टर घेऊन सरजाआजींच्या दारात जा, त्या तुमची वाट बघून राहिल्यात. ठोका येत नसला तरी नरसिंगमामाकडं जा. तुमच्या ट्रॅक्टरात कुणाचा तरी पार्ट असेलच, कदाचित तुमचं तोंड बघून त्याच्यामागचा दुसरा माणूस त्याला दिसेल, त्याचं तसंच चालायचं. पण लवकर जा. पेरण्या लागल्या की तुम्हाला रानातनं फुरसत नाही, आणि दिवाळीपर्यंत मामाकडं किती राहील ते डॉक्टर पण सांगत नाहीत. शेड सकाळी उघडं असतं, सकाळचाच तो बरा असतो. गेल्यावर आधी तुमचं नाव सांगू नका, बापाचं सांगा. जुनी नावं त्याला लवकर सापडतात. आणि तो काही बोलायला लागला की मग काहीही होऊ द्या, कुणाचाही फोन येऊ द्या, तुम्ही तिथंच बसून ते पूर्ण ऐकून घ्या.